कार्टूनमध्ये खरंच शिवी आहे का? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

या वेळच्या पत्रांमध्ये एकच विषय फिरून फिरून आलाय. लहान मुलांचा कार्यक्रम, बोलणारं खेळणं, घरात सगळ्यांनी मिळून ऐकायचं गाणं, आणि त्यात कुठंतरी लपलेली शिवी. कुणी घाबरलंय, कुणी चिडलंय, कुणाला जाम मजा वाटलीय. म्हणून बाकीची पत्रं पुढच्या अंकासाठी ठेवली आणि पूर्ण सदर यालाच दिलं. शिव्या इथे छापणार नाही, इंग्रजीतल्या 'एफ'ने सुरू होणाऱ्या त्या शिवीला 'एफ-वर्ड' म्हटलं की सगळ्यांना कळतंच.

प्रश्न : माझी मुलगी पाच वर्षांची आहे, सेसमी स्ट्रीट या बाहुल्यांच्या अमेरिकन कार्यक्रमाच्या क्लिप बघते. परवा भाचा आला आणि मोबाईल पुढे करून म्हणाला, मावशी ऐक, हा निळा ग्रोव्हर एफ-वर्ड बोलतो. ऐकलं तर खरंच एकदम क्लिअर! आता कितीही वेळा लावलं तरी मला तेच ऐकू येतं. इतक्या नावाजलेल्या कार्यक्रमात असं कसं काय चालू दिलं? मी मुलीला दाखवणं बंद करू का?
— एक आई

ताई, बंद करू नका, ग्रोव्हरने शिवी दिलेली नाही.

ही क्लिप डिसेंबर २०१८ मध्ये जगभर फिरली होती आणि तेव्हा लोकांची सरळ दोन टोकं झाली होती, अर्ध्यांना शिवी ऐकू येत होती आणि अर्ध्यांना काहीच वावगं ऐकू येत नव्हतं. ग्रोव्हरचं वाक्य आहे 'येस येस, दॅट साउंड्स लाइक ॲन एक्सलंट आयडिया'. आता हे वाक्य हातातल्या बाहुल्याच्या त्या घोगऱ्या, घाईघाईच्या आवाजात म्हणून बघा. 'साउंड्स लाइक ॲन' हे तीन शब्द एकमेकांत मिसळतात. त्यात 'स' हा फार नाजूक आवाज आहे, त्याची जी शीळ असते ती खूप वरच्या पट्टीत असते, आणि मोबाईलचा छोटा स्पीकर, दहा वेळा फॉरवर्ड होऊन दाबली गेलेली क्लिप, यात सगळ्यात आधी बळी जातो तो ह्याच वरच्या आवाजाचा. जुन्या टेलिफोनवर साधारण ३,४०० हर्ट्झच्या वरचं काही जायचंच नाही, म्हणून तर फोनवर नाव सांगताना 'एस' आणि 'एफ' मध्ये कायम गोंधळ व्हायचा. तर 'स' ची शीळ गेली की तो 'फ' सारखा लागतो, पुढे 'लाइक' मधला क आणि त्याला चिकटलेलं 'ॲन', झालं, कानाला हवं ते सगळं सामान मिळालं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. तुमच्या भाच्याने आधी सांगितलं आणि मग ऐकवलं. हा क्रम फार महत्त्वाचा आहे.

१९७० मध्ये रिचर्ड वॉरन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग केला होता. रेकॉर्ड केलेल्या वाक्यातल्या एका शब्दातला एक आवाज पूर्ण कापून टाकला आणि तिथे खोकल्याचा आवाज बसवला, आणि २० जणांना ऐकवलं. त्यातल्या १९ जणांनी सांगितलं की वाक्य पूर्ण आहे, काहीच गायब नाही. जो आवाज टेपवर नव्हताच तो त्यांना नीट ऐकू आला होता! म्हणजे कान जे देतो ते तुकड्या-तुकड्यात असतं आणि मेंदू रिकाम्या जागा भरत असतो, कशाने भरतो तर जे अपेक्षित आहे त्याने. पुढे १९८५ मध्ये कॅनडातल्या व्होकी आणि रीड या दोघांनी उलट्या वाजवलेल्या आवाजांवर काम केलं, तेव्हा गाण्यांमध्ये उलटे लपवलेले वाईट मेसेज असतात म्हणून फार आरडाओरडा चालला होता. नुसतं ऐकवलं तर लोकांना काही अर्थ लागत नव्हता, पण 'यात अमुक वाक्य आहे' असं सांगून तेच ऐकवलं की बऱ्याच जणांना ते वाक्य ऐकू यायला लागायचं.

२०१८ साल तर यासाठीच लक्षात राहिलंय. मे महिन्यात ते लॉरेल की यॅनी, म्हणजे एकच रेकॉर्डिंग पण काहींना 'लॉरेल' ऐकू येतं आणि काहींना 'यॅनी', मग बेन टेन या कार्टूनच्या एका खेळण्याची क्लिप, जिच्यात 'ब्रेनस्टॉर्म' हा शब्द मनात धरला तर ब्रेनस्टॉर्म ऐकू येतो आणि 'ग्रीन नीडल' मनात धरलं तर चक्क ग्रीन नीडल, आवाज तोच. ज्यांनी ती करून बघितली नसेल त्यांनी जरूर करून बघा, आपल्याच कानावरचा विश्वास थोडा सैल होतो आणि ते चांगलंच आहे.

आता तुमच्या मुलीचं. तिला कुणी काही सांगितलेलं नाही, तिला बहुतेक 'एक्सलंट आयडिया' एवढंच ऐकू येत असेल. खात्री करायची असेल तर क्लिप लावा आणि सहज विचारा, ग्रोव्हर काय म्हणाला गं? पण आधी काही सुचवू नका, चेहऱ्यानेसुद्धा नाही. आणि भाच्याला सांगा की तिच्यासमोर हा खेळ नको. एकदा ऐकू यायला लागलं की परत 'न ऐकू येणं' करता येत नाही, तुमचं तेच झालंय.

प्रश्न : हाय, मी कॉलेजला आहे. बाबा बीटल्सचे कट्टर फॅन, त्यामुळे मी पण. मित्राने सांगितलं की 'हे ज्यूड' मध्ये २ मिनिटं ५८ सेकंदांच्या आसपास मागे कोणीतरी एफ-वर्ड बोललंय. हेडफोन लावून ऐकलं, आहे राव! मला तर जाम भारी वाटलं, लगेच बाबांना ऐकवलं. ते एकदम गप्पच झाले, मग म्हणाले माझं गाणं खराब केलंस. आता लावतच नाहीत. ऑनलाईन पण बघितलं तर फॅन लोकांमध्ये हेच भांडण. यात चिडण्यासारखं काय आहे?
— बीटल्सवाला

इथे मात्र शब्द खरंच आहे. त्या रेकॉर्डिंगच्या वेळी स्टुडिओत काम करणाऱ्या इंजिनियर मंडळींनीच नंतर तसं सांगितलंय, वाजवताना की गाताना काहीतरी चुकलं आणि कुणाच्या तरी तोंडून निघून गेलं. बँडमधला जॉन लेनन की पॉल मॅकार्टनी, यावर वाद अजून चालू आहे. मिक्सिंगमध्ये ते खाली दाबलं गेलं पण पूर्ण पुसलं नाही. गाणं ऑगस्ट १९६८ मध्ये आलं, तेव्हापासून जगभरच्या रेडिओवर दिवसाढवळ्या वाजतंय, लहान मुलं ते 'ना ना ना' ओरडतात, २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनात पॉल मॅकार्टनीबरोबर अख्खं स्टेडियम हेच गात होतं. कुणाचं काही बिघडलं नाही कारण कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि याच्या अगदी उलटी गोष्ट म्हणजे 'लुई लुई'. किंग्जमेन नावाच्या बँडने १९६३ मध्ये हे गाणं रेकॉर्ड केलं, गाणाऱ्याचे शब्द इतके अस्पष्ट की कुणालाच धड कळेनात. मग पोरांमध्ये अफवा उठली की त्यात भयंकर अश्लील ओळी आहेत, हाताने लिहिलेले कागद फिरायला लागले, तो कागद समोर धरून ऐकलं की अर्थातच प्रत्येक ओळ 'ऐकू' यायची. पालकांच्या तक्रारी गेल्या. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्याच्या गव्हर्नरने रेडिओवाल्यांना हे गाणं वाजवू नका म्हणून सांगितलं आणि पुढे एफबीआयने, हो, अमेरिकेच्या त्या केंद्रीय तपास संस्थेनेच, तपास केला. वेगवेगळ्या स्पीडवर रेकॉर्ड लावून ऐकली आणि शेवटी निष्कर्ष काय तर शब्द कळत नाहीत. गंमत म्हणजे त्या रेकॉर्डवर एक खरा एफ-वर्ड आहे! ५४ व्या सेकंदाच्या आसपास ड्रमवाल्याचं काहीतरी चुकतं आणि तो मागून ओरडतो. तो त्या सगळ्या तपासात कुणाच्या लक्षातच आला नाही कारण सगळ्यांचे कान त्या कागदावर लिहिलेल्या ओळी शोधत होते. मला हा किस्सा ह्या अख्ख्या विषयाचा गाभा वाटतो. नसलेलं हजारो लोकांना ऐकू आलं आणि असलेलं कुणालाच नाही.

आता तुमचे बाबा. तुम्हाला तो शब्द सापडला तेव्हा तुम्हाला काहीतरी *मिळालं*, म्हणजे इतकी मोठी माणसं पण स्टुडिओत चुकतात, वैतागतात, त्या खोलीत आपण डोकावलो असं वाटलं, हे मला अगदी पटतं, फॅन असण्यातला तो मोठा आनंद आहे. बाबांचं मात्र काहीतरी *गेलं*. ते गाणं त्यांनी एका विशिष्ट पद्धतीने आयुष्यभर ऐकलं होतं, आता ती जागा आली की कान तिथेच जाणार, त्यांना नको असलं तरी. तुम्ही दोघंही प्रेमापोटीच वागताय. ऑनलाईन भांडणारे फॅनसुद्धा बहुतेक तसेच असतात, एकाला आपल्या आवडत्या गोष्टीतलं सगळं माहीत करून घ्यायचंय आणि दुसऱ्याला ती आहे तशी जपायचीय, आणि दोघांनाही वाटतं की समोरच्याचं प्रेम खोटं आहे. ते 'एवढं काय त्यात' म्हणून दुसऱ्याला हसणं मला अजिबात आवडत नाही, आणि 'हे ऐकणारे विकृत' वगैरे म्हणणं तर त्याहून नाही.

पण ऐकवायच्या आधी विचारायला हवं होतं. सिनेमाचा शेवट सांगताना आपण 'सांगू का?' म्हणतो ना, इथे तर ते जास्तच गरजेचं आहे, शेवट माणूस विसरू तरी शकतो. बाबांशी बोला. आणि एक उपाय खरंच चालतो, गाण्याचं एखादं लाईव्ह रेकॉर्डिंग लावून द्या, त्यात ती जागा नाही. काही महिन्यांनी ते आपणहून मूळ गाण्याकडे येतील.

प्रश्न : मुलासाठी बोलणारं खेळणं घेतलं. बटण दाबलं की काहीतरी अगम्य बोलतं. सासूबाई म्हणाल्या हे शिवी देतंय. नवरा म्हणतो काहीतरीच काय. मी कंपनीला मेल केला तर 'ते निरर्थक आवाज आहेत' असं दोन ओळींचं उत्तर आलं. हे लोक अंगावर आलेलं झटकतायत का?
— संशयात पडलेली वाचक

झटकत असतीलही आणि खरंही बोलत असतील, दोन्ही शक्य आहे, म्हणून थोडं सविस्तर.

जुलै २०१५ मध्ये मॅकडोनाल्ड्सच्या हॅपी मील या मुलांच्या जेवणाबरोबर मिनियनचं, म्हणजे कार्टूनपटातल्या त्या पिवळ्या बुटक्यांचं, बोलणारं खेळणं येत होतं आणि अमेरिकेत पालकांनी तक्रारी केल्या की ते एफ-वर्ड बोलतं. कंपनीचं म्हणणं होतं की त्यात तीनच आवाज आहेत, 'पारा ला बुके', 'हाहाहा' आणि 'एह एह', आणि मिनियनची भाषाच मुळी वेगवेगळ्या भाषांचे तुकडे आणि निरर्थक आवाज मिसळून केलेली आहे. त्याच्याही आधी १९९८ मध्ये टेलिटबीज या छोट्यांच्या ब्रिटिश कार्यक्रमातल्या लाल पो च्या बोलत्या बाहुलीवर असाच आरोप झाला होता, तेव्हा बनवणाऱ्यांनी सांगितलं की पो कॅन्टोनीज ही चिनी बोली पण बोलते आणि ती 'लवकर, लवकर' म्हणतेय. खेळण्यातला स्पीकर नाण्याएवढा, आवाज साठवायची चिप स्वस्तातली, वर प्लास्टिकचं जाड कवच, यातून स्पष्ट शब्द बाहेर पडणं मुश्कीलच असतं. आणि जे मुद्दाम निरर्थक बनवलंय त्यात मेंदू काहीतरी अर्थ शोधतोच, त्याला रिकामं बसवत नाही.

पण म्हणून प्रत्येक तक्रार भ्रमच असते असं नाही, हेही तितक्याच जोरात सांगायला हवं. जानेवारी १९९९ मध्ये डिस्नेने 'द रेस्क्यूअर्स' या कार्टूनपटाच्या ३४ लाख व्हिडिओ कॅसेट परत मागवल्या, कारण मागच्या खिडकीत एका उघड्या बाईचा फोटो दोन फ्रेममध्ये खरंच होता. सिनेमात सेकंदाला २४ फ्रेम जातात, त्यामुळे नेहमीच्या स्पीडला तो दिसणं अशक्य, पण होता, १९७७ पासून होता. आणि अगदी अलीकडे नोव्हेंबर २०२४ मध्ये मॅटेलने 'विकेड' सिनेमावरच्या बाहुल्यांच्या खोक्यावर चुकून एका प्रौढांच्या वेबसाईटचा पत्ता छापला होता, मग माफी मागितली आणि माल दुकानांतून काढायला लावला. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे बघा, पुरावा समोर ठेवता येत होता. फ्रेम थांबवून दाखवता येते, खोका हातात धरून वाचता येतो. आवाजाचं तसं होत नाही म्हणून आवाजाची भांडणं मिटत नाहीत.

तुम्ही असं करा. ज्यांना काहीच माहीत नाही अशा तीन-चार माणसांना खेळणं एकेकटं ऐकवा, एकत्र नको कारण एकाने 'शिवी' म्हटलं की बाकीच्यांचं संपलं. आणि त्यांना जे ऐकू आलं ते बोलायला नको, लिहायला सांगा. सगळ्यांनी वेगवेगळं लिहिलं तर निरर्थक आवाज आहे, खुशाल खेळू द्या. न सांगता दोघांनी तरी तीच शिवी लिहिली तर कंपनीला परत मेल करा, या वेळी रेकॉर्डिंग जोडून, आणि त्या बटणामागे कुठकुठले आवाज आहेत त्याची यादी लेखी मागा. खरं बोलत असतील तर यादी द्यायला त्यांना काही जड जाणार नाही. सासूबाईंना खोटं पाडायची गरज नाही, त्यांना ते खरंच ऐकू येतंय.

प्रश्न : मला पक्कं आठवतंय की १९८६ च्या ट्रान्सफॉर्मर्सच्या कार्टून सिनेमात एकजण शिवी देतो. भावाकडे कॅसेट आहे, तिच्यात नाही. तो म्हणतो तुझ्या डोक्यातलं आहे. कोण बरोबर?
— जुना फॅन

तुम्ही बरोबर आहात. युनिक्रॉन या ग्रहाएवढ्या खलनायकावर स्फोटाचा काही परिणाम होत नाही तेव्हा स्पाइक हे माणसाचं पात्र वैतागून बोलतं, एफ-वर्ड नाही पण मुलांच्या सिनेमात अपेक्षित नसलेला शब्द. काही व्हिडिओ आवृत्त्यांमधून तो नंतर काढून टाकला, भावाकडे तशीच असणार. त्या वेळी लहान असलेल्या फॅन लोकांसाठी तो शब्द म्हणजे जवळजवळ एक ठेवा आहे, काढला तेव्हा ते चिडले होते ते शिवीच्या प्रेमाने नाही, आपली आठवण कुणीतरी कापली म्हणून.

मात्र आठवण पक्की आहे म्हणजे ती खरी आहे असं दर वेळी नसतं. ब्रिटनमध्ये 'कॅप्टन पगवॉश' नावाचं समुद्री चाच्यांचं मुलांचं कार्टून होतं, बीबीसीवर १९५७ पासून. त्यातल्या पात्रांची नावं घाणेरड्या दुहेरी अर्थाची होती असं तिथल्या एका पिढीला *पक्कं आठवतं*. तशी नावं त्यात कधीच नव्हती! कुणीतरी पोरकट विनोद केला, तो पसरला, आणि लोकांच्या लहानपणात जाऊन बसला. वर्तमानपत्रांनीसुद्धा खरं समजून छापलं, निर्माते जॉन रायन यांनी दाद मागितली आणि १९९१ मध्ये 'द गार्डियन'ला दुरुस्ती छापावी लागली. ज्या माणसाने मुलांसाठी आयुष्यभर निर्मळ काम केलं त्याला हे धुवून काढायला केवढा त्रास झाला असेल, आणि तरी आजही लोक तो विनोद खरा म्हणून सांगतातच. याचं मला फार वाईट वाटतं. लपलेली शिवी शोधणं हा खेळ वाटतो पण तिच्या मागे कुणाचं तरी नाव असतं.

प्रश्न : माझी नातवंडं स्पंजबॉब बघतात. एका भागात सरळ शिवीवरच गोष्ट आहे, शब्द येतो तिथे डॉल्फिनचा आवाज टाकलाय. शिवी दडवायची होती तर गोष्टच कशाला केली? हे म्हणजे मुलांना उलट उत्सुकता लावणं नाही का?
— एक आजोबा

आजोबा, तो २००१ सालचा भाग आहे आणि नंतर अमेरिकेतल्या पालकांच्या एका संघटनेनेही त्यावर आक्षेप घेतला होता. तुमचा मुद्दा सरळ उडवून लावण्यासारखा नाही. बीप हा झाकण्यासाठी असतो असं आपण म्हणतो खरं, पण बीप हे पण एक सांगणंच आहे, 'इथे काहीतरी आहे' हे सांगणं. मूल विचारणारच की आजोबा तिथे काय म्हणाला.

तरी मी त्या भागाच्या बाजूने आहे. कारण तिथे शब्द कुणीच ऐकत नाही, लेखकांनी कोणता शब्द धरला होता हे त्या आवाजातून कळत नाही, आणि गोष्ट मात्र मुलांच्या अगदी ओळखीची आहे, कचरापेटीवर काहीतरी लिहिलेलं वाचलं, अर्थ माहीत नाही, भारी वाटलं म्हणून वापरत सुटले आणि मग समोरच्यांचे चेहरे बघून कळलं. त्यात मोठ्यांसाठी एक जागा पण आहे. स्पंजबॉबचा मालक क्रॅब्स सांगतो की वाईट शब्द १३ आहेत, त्याच्याकडेच काम करणारा स्क्विडवर्ड विचारतो सातच ना? हा 'सात' चा संदर्भ अमेरिकन विनोदी कलाकार जॉर्ज कार्लिनचा, ज्याचं १९७२ मधलं टीव्हीवर न चालणाऱ्या सात शब्दांवरचं भाषण गाजलं होतं. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रेडिओ केंद्राने कार्लिनचं त्याच धर्तीचं रेकॉर्डिंग दुपारी लावलं, एका माणसाने मुलाबरोबर गाडीत ते ऐकलं आणि तक्रार केली, आणि ते प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात जाऊन १९७८ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल लागला की मुलं ऐकत असण्याच्या वेळेत असं प्रक्षेपण रोखता येतं. अमेरिकेत साध्या टीव्ही-रेडिओवर सकाळी ६ ते रात्री १० ही बंधनाची वेळ त्याच वाटेवरची, ब्रिटनमध्ये रात्री ९ ची रेषा आहे. पण हे सगळे नियम घड्याळावर चालतात आणि आता नातवंडं हवं ते हव्या त्या वेळी लावतात, घड्याळाचा पहारा गेलाच म्हणा. म्हणून तुम्ही शेजारी बसून बघताय हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं. 'काय म्हणाला' असं विचारलं तर सांगा, कुणाला वाईट वाटेल असा शब्द होता म्हणून आवाज टाकला. एवढं पुरतं, मुलं पुढच्या सीनला गेलेली असतात.

प्रश्न : मी साउंड एडिटिंग शिकतेय. एवढे लोक तपासतात तरी असं काही सुटतं कसं?
— विद्यार्थिनी

कारण तपासणाऱ्याच्या हातात स्क्रिप्ट असते. तो वाचत वाचत ऐकतो आणि कागदावर जे आहे तेच त्याला ऐकू येतं, वरच्या खोकल्याच्या प्रयोगासारखंच, फक्त दिशा उलटी. शिवाय महागड्या स्पीकरवर शांत खोलीत जे स्वच्छ असतं ते फोनवर, स्वयंपाकघरातल्या मिक्सरच्या आवाजात, तसं राहत नाही. तुम्ही जेव्हा मुलांचं काही कराल तेव्हा दोन गोष्टी नक्की करा, एक म्हणजे शेवटचा मिक्स साध्या मोबाईलच्या स्पीकरवर ऐका, आणि दुसरं, ज्याने स्क्रिप्ट वाचलेली नाही अशा एका माणसाला बसवून तो काय ऐकतो ते लिहून घ्या. गर्दीच्या मागच्या पुटपुटण्याचा ट्रॅक असतो ना, तोही एकटा सोलो करून ऐका, बरंच काही तिथे राहून जातं.

प्रश्न : वरचं सगळं ठीक, पण माझ्या चार वर्षांच्या मुलाने क्लिपमधून शब्द उचलला आणि आता दिवसभर बोलतोय. पाहुण्यांसमोर पण. मामाने हसून व्हिडिओ काढला, बाबांनी ओरडून घर डोक्यावर घेतलं. आता काय?
— थकलेली आई

ताई, आधी तो व्हिडिओ मामाला डिलीट करायला सांगा, आजच, आणि ग्रुपवर टाकला असेल तर तिथूनही. मूल मोठं होईल, ते व्हिडिओ तसेच राहतात.

बाकी यात तुमची किंवा त्या कार्यक्रमाची फारशी चूक धरू नका. टिमथी जे नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कित्येक वर्षं शिव्यांवरच अभ्यास करत आलेत, त्यांचं म्हणणं असं की मुलं शाळेत जायच्या आधीच असे बरेच शब्द शिकलेली असतात, आणि ते टीव्हीपेक्षा आजूबाजूच्या माणसांकडून. चार वर्षांच्या मुलाला त्या शब्दाचा अर्थ कळत नाही, त्याला एवढंच कळलंय की हा शब्द उच्चारला की मामा हसतो, बाबा उठून उभे राहतात, आई धावत येते. असं दुसरं कुठलं बटण त्याच्याकडे आहे सांगा. म्हणून हसू नका आणि ओरडूही नका, दोन्ही त्याच्यासाठी बक्षीसच आहे. साध्या आवाजात एकदा सांगा की हा शब्द ऐकून लोकांना वाईट वाटतं, आपण तो वापरत नाही, आणि राग आला तर हे म्हण, असं म्हणून दुसरा एखादा मजेशीर शब्द द्या, दणदणीत आवाजाचा, तोंडभर उच्चारता येईल असा. मुलांना तो दणका हवा असतो. मग पुढच्या वेळी बोलला तर काहीच झालं नाही असं वागा आणि दुसऱ्या विषयावर जा.

घरातल्या सगळ्यांनी एकसारखं वागलं तर बहुतेक वेळा हे थोड्याच दिवसांत ओसरतं. एकजण जरी गालात हसला तरी परत पहिल्यापासून, म्हणून मामाशी बोलणं टाळू नका. आणि मुलगा म्हणाला की 'पण तो कार्टूनवाला बोलला', तर क्लिप परत लावून शहानिशा करत बसू नका, तो बोलला असेल किंवा नसेल, तुम्हाला त्याच्याशी फक्त घरातल्या बोलण्याबद्दलच बोलायचंय.